वजनाचं उद्दिष्ट ठरवण्याआधी पोटाचं आणि मनाचं विचारा

स्थूलतेवर उपचार करणारे डॉक्टर, बेरिएट्रिक (वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करणारे) सर्जन, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या रुग्णाकडून जो अर्ज भरून घेतला जातो त्यात मधुमेह असतो, रक्तदाब असतो, थायरॉइड असतो, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असतं, गुडघे असतात. मी भरलेल्या अशा एकाही अर्जात ‘पोट रोज कसं असतं’ हे विचारलेलं नव्हतं. जठराचा मोठा भाग कापून काढायचा की नाही याची चर्चा ज्या खोलीत झाली, तिथेही त्या जठराच्या पुढची आतडी कशी चालतात याची चौकशी कुणी केली नाही. मनासाठी एखादा रकाना कधीकधी असतो, पण तो रुग्ण शस्त्रक्रियेला ‘फिट’ आहे की नाही एवढं ठरवण्यापुरता.

मला तीव्र स्थूलता आहे, आयबीएस हा आतड्याचा विकार आहे, आणि चिंता व नैराश्य या दोन्हींसाठी मी उपचार घेतलेले आहेत. या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या दारांआड तपासल्या गेल्या. पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, पोट आपोआप सुधारेल. वजनाच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनाचा निग्रह वाढवा. मनाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने भूक वाढली, आणि त्याचा हिशेब पुन्हा वजनाच्या डॉक्टरांकडे मलाच द्यावा लागला. तिघेही आपापल्या कामात चांगले होते, त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. माझी मागणी एवढीच आहे की तीव्र स्थूलतेच्या रुग्णाला पहिल्याच भेटीत, वजनाचं उद्दिष्ट ठरवण्याआधी, पोटाचं आणि मनाचं विचारलं जावं, आणि जे उत्तर मिळेल ते वजनाच्या उपचारात धरलं जावं.

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र माझ्यासारखे इतरही वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखत असलं पाहिजे, आणि पुढच्या तीन गोष्टींपैकी किमान दोन लागू पडल्या पाहिजेत: दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाला जाण्याची वारंवारता बदलणं, मलाचं स्वरूप बदलणं. त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले हवेत. कुणाला जुलाब होतात, कुणाला बद्धकोष्ठता, कुणाला आलटून-पालटून दोन्ही. ३३ देशांत झालेली एक मोठी पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ऑनलाइन उत्तरं दिलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४ टक्के लोक या निकषांत बसले. तीव्र स्थूलतेत, म्हणजे बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती हे सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, अथवा सोबत इतर आजार असताना ३५ किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णांत, नॉर्वेतल्या संशोधकांनी मुद्दाम विचारपूस केली तेव्हा आयबीएसचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा बरंच जास्त आढळलं. ‘मुद्दाम विचारपूस’ हे मी जाणून लिहिलं आहे. आम्ही हे आपणहून सांगत नाही. वजनाबद्दल इतकं ऐकून घेतलेलं असतं की त्यात शौचाचा विषय काढायची हिंमत उरत नाही.

आणि काढला, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: “रिपोर्ट नॉर्मल आहेत.” रिपोर्ट नॉर्मल असतात हे खरंच आहे. कोलोनोस्कोपीत जखम दिसत नाही, रक्तात सूज दिसत नाही. पण आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं आहे, शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन तिथे तयार होतं, आणि व्हेगस मज्जातंतूतले बहुसंख्य तंतू आतल्या अवयवांकडची खबर मेंदूकडे नेतात. १९७३ मध्येच एका प्रयोगात मोठ्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला गेला होता. तेवढ्याच फुग्याने आयबीएस नसलेल्यांच्या तुलनेत आयबीएसच्या रुग्णांपैकी कितीतरी जास्त जणांना दुखलं. म्हणजे दुखणं खरं आहे. रेडिओच्या आवाजाचं बटण कुणी शेवटपर्यंत फिरवून ठेवावं, तसं आतड्यातली साधी हालचालही मोठ्याने ऐकू येत राहते. चिंता हे बटण आणखी फिरवते, आणि सतत दुखत राहिल्याने चिंता वाढते.

यात आधी काय आणि नंतर काय, यावर रुग्णाला दोषी ठरवण्यात बराच वेळ जातो. ऑस्ट्रेलियात बारा वर्षं लोकांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीला चिंता होती त्यांच्यात पुढे पोटाचे असे विकार जास्त झाले, आणि ज्यांचं सुरुवातीला फक्त पोट बिघडलेलं होतं त्यांच्यात पुढे चिंता आणि नैराश्य जास्त दिसलं. वजनाचंही असंच आहे. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार स्थूल व्यक्तीला पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त असते, आणि नैराश्य असलेल्या व्यक्तीला पुढे स्थूलता येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी जास्त. दोन्ही दिशांनी वाट सुरू असताना रुग्णाला एकाच टोकाला उभं करून ‘इथून सुरुवात कर’ म्हणणं मला पटत नाही.

आता हे रोजच्या जगण्यात कसं दिसतं ते सांगते, कारण तुमच्यापर्यंत ते फक्त वजनकाट्याच्या आकड्यातून पोहोचतं.

कामाला बाहेर पडायचं असेल तर मी सकाळी काही खात नाही. खाल्लं की थोड्याच वेळात कळ येते आणि लगेच जावं लागतं, आणि माझ्या शरीराला घाई करता येत नाही. कामाच्या ठिकाणी आणि वाटेत कोणतं शौचालय आहे, कुठल्याचं दार इतकं अरुंद आहे की आडवं होऊन शिरावं लागतं, कुठलं आसन भिंतीला नुसतं टांगलेलं आहे आणि त्यावर बसताना पायांवर भार पेलून धरावा लागतो, कुठे उठताना धरायला काही नाही, कुठे स्वच्छ करायला हात पोहोचण्याइतकीही जागा नाही, हे सगळं मला पाठ आहे. जिथलं माहीत नाही तिथे मी जात नाही. लग्नकार्य, प्रवास, मैत्रिणीकडचा मुक्काम, हळूहळू सगळं गळून गेलं. लोकांना वाटतं, लाजते आहे जाडेपणाला. दिवसभर पोटात जवळजवळ काही नसतं. संध्याकाळी घरी आल्यावर, दार लावल्यावर, आता काही झालं तरी चालेल अशी सुटका वाटते, आणि दिवसभराची भूक एकदम अंगावर येते. भराभर आणि खूप खाल्लं जातं. मग पोट फुगतं, मुरडा येतो, झोप मोडते, आणि अंधारात पडल्या पडल्या स्वतःबद्दल जे विचार येतात ते लिहिण्यासारखे नाहीत.

आहाराच्या वहीत हाच दिवस असा उतरतो: नाश्ता नाही, दुपारचं जेवण नाही, रात्री अति. आणि समोर शेरा, ‘शिस्त नाही’. मी या शेऱ्यावर अडून बसते कारण तो चुकीचा आहे. ती कमालीची शिस्त आहे, फक्त ती वजनासाठी नाही, कपड्यांत काही होऊ नये यासाठी आहे. जोवर ही भीती उपचारात येत नाही तोवर ‘दिवसातून थोडं थोडं, वेळेवर खा’ हा सल्ला मला पाळता येणार नाही. ‘रोज चाला’ या सल्ल्याचंही तेच. चालल्याने आतडं हलतं, ते चांगलंच, पण माझा रस्ता शौचालयांवरून ठरतो.

आहारतज्ज्ञांना इथे वेगळं लिहायचं आहे. वजनासाठी दिलेला आराखडा पोटाला सोसतो का, हे आधी विचारा. कच्च्या भाज्या, कोंडा, कडधान्यं, सफरचंद, पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून दिलेली तंतुमय पदार्थांची मोठी मात्रा, यांनी माझ्यासारखीचं पोट दिवसभर फुगून राहतं. साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल घातलेल्या गोड गोष्टी ‘वजन कमी करणाऱ्यांसाठी’ म्हणून विकल्या जातात, आणि त्यांनी चांगल्या पोटालाही जुलाब होतात. मग ज्याने त्रास होत नाही ते खाल्लं जातं: मऊ, मैद्याचं, चोथा नसलेलं. त्यातून वजन वाढतं हे मला कळतं. पण त्या पदार्थांनी पोट गप्प राहतं हेही खरं आहे, आणि सगळ्याच तंतूंनी सारखा त्रास होत नाही. इसबगोलासारखा पाण्यात विरघळणारा तंतू अगदी थोडा सुरू करून हळूहळू वाढवला तर बऱ्याच जणांना सोसतो. कोंड्याने अनेकांचं बिघडतं. एवढं सांगायला एक भेट पुरते. मला ते फार उशिरा कळलं, आणि तेही तुमच्यापैकी कुणाकडून नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातून पुढे आलेला लो-फॉडमॅप आहार आता बहुतेकांना माहीत आहे. आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि आंबून वायू करणाऱ्या काही शर्करा चार-सहा आठवडे टाळायच्या, मग एकेक परत आणून पाहायची, आणि ज्यांनी त्रास होतो तेवढ्याच कमी ठेवायच्या. पुष्कळांना याचा फायदा होतो. पण तीव्र स्थूलतेच्या रुग्णाला हा आहार देताना हात आखडता ठेवा. आमच्यातल्या अनेकींचं आयुष्य ‘हे खाऊ नको, ते खाऊ नको’ यात गेलेलं असतं, काहींना बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून खूप खाल्लं जाण्याचा विकार, असतो, आणि वर्ज्य पदार्थांची आणखी एक लांब यादी हातात आली की ती आधी भीती वाढवते आणि मग कधीतरी मोडते. आधी खाण्याशी असलेलं नातं कसं आहे ते विचारा. यादी छापून हातात देणं सोपं आहे, पण पहिल्या टप्प्यातच अडकून पडलेले आणि पदार्थ परत कसे आणायचे हे कुणी न सांगितलेले लोक मी पाहिले आहेत.

औषधांबद्दलही तेच. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात. ऑर्लिस्टॅट हे वजन कमी करण्याचं औषध खाण्यातल्या चरबीचा काही भाग शोषू देत नाही, त्यामुळे तेलकट मल आणि अचानक लागणारी घाई हा त्याच्या कामाचाच भाग आहे. ज्या बाईला आधीच घराबाहेर पडायची भीती आहे तिला ते देण्याआधी दोन वाक्यं बोलायला हवीत. सेमाग्लुटाइडसारख्या नव्या इंजेक्शनांनी वजन खरोखर उतरतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास घट झाली. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या दर चारांपैकी साधारण तिघांना मळमळ, जुलाब, उलट्या, बद्धकोष्ठता असा काही ना काही पोटाचा त्रास झाला, आणि खोटं औषध घेणाऱ्यांतही तो जवळपास निम्म्यांना झाला. बहुतेकांचा त्रास सौम्य आणि तात्पुरता होता. तरी आयबीएस असलेल्या रुग्णाला हे आधी सांगितलं, मात्रा सावकाश वाढवली, कुठल्या लक्षणांवर फोन करायचा ते ठरवून दिलं, तर ती औषध मध्येच सोडणार नाही.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. जुलाब असलेल्या आयबीएसच्या रुग्णांपैकी साधारण एकचतुर्थांश जणांत खरं कारण पित्ताम्लं, म्हणजे चरबी पचवायला मदत करणारी पित्तातली आम्लं, असतात. ती लहान आतड्यात पुरेशी परत शोषली जात नाहीत किंवा जास्त तयार होतात, मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटतं. वजन जास्त असलेल्यांत आणि पित्ताशय काढलेल्यांत हे जास्त आढळतं, म्हणजे नेमकं तुमच्या रुग्णांमध्ये. त्यावर कोलेस्टिरामाइनसारखं पित्ताम्लं बांधून ठेवणारं औषध आहे. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलेल्या किती जणींना या एका औषधाने बाहेर पडता आलं असतं, याचा विचार करून मला वाईट वाटतं.

याची उलट बाजूही लिहिली पाहिजे. सगळंच आयबीएस नसतं. मलातून रक्त, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, घरात आतड्याचा कर्करोग किंवा सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा) आजार, आणि कारण नसताना उतरलेलं वजन, ही धोक्याची लक्षणं आहेत. बारीक माणसाचं वजन असं उतरलं की लगेच तपासण्या होतात. आमचं उतरलं की शाबासकी मिळते. कृपया शाबासकी देण्याआधी विचारा की ते कसं उतरलं.

मनाच्या बाजूबद्दल एक जुनी गोष्ट तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. १९८० च्या दशकात अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत होते. चांगलं वजन उतरत असलेली माणसंच मध्येच सोडून जात होती. त्यांनी त्यांना बोलावून सविस्तर विचारलं, तेव्हा कित्येकांच्या बालपणातले लैंगिक अत्याचार पुढे आले. काहींसाठी वजन हे संरक्षण होतं. त्यातूनच रॉबर्ट अँडा यांच्यासोबतचा बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा मोठा अभ्यास उभा राहिला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. असे अनुभव आलेल्यांत तीव्र स्थूलता, नैराश्य आणि आयबीएस, तिन्ही जास्त दिसतात. माझा मुद्दा असा नाही की प्रत्येक रुग्णाला पहिल्या दिवशी बालपणाबद्दल खोदून विचारा. तसं करूही नका. पण ज्या तपासणीत कपडे काढावे लागतात, गुदमार्गाची तपासणी होते, तिथे आधी परवानगी विचारणं, काय करणार ते सांगणं आणि ‘थांबा’ म्हटल्यावर थांबणं हे सगळ्यांच्या बाबतीत करता येतं. वजनावरून होणाऱ्या अपमानामुळे लोक उपचार टाळतात, हे २०२० मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन लिहूनही दिलेलं आहे. माझं पोट तपासताना “इतक्या चरबीत काय हाताला लागणार” असं एका ठिकाणी म्हटलं गेलं. त्यानंतर बराच काळ मी कुणालाही पोट दाखवलं नाही.

उपाय नाहीत असं नाही. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ४६३ रुग्णांवरच्या चाचणीत अगदी कमी मात्रेतलं, रोज १० ते ३० मिलिग्रॅम, अमिट्रिप्टिलिन आयबीएसमध्ये खोट्या औषधापेक्षा स्पष्टपणे उपयोगी ठरलं. त्याने वजन वाढू शकतं आणि बद्धकोष्ठता होऊ शकते, म्हणून आमच्या बाबतीत ते वजनाच्या डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायला हवं, आणि ‘ही नैराश्याची गोळी इथे आतड्याच्या मज्जातंतूंसाठी आहे’ हे नीट समजावून. २०१९ मध्ये ५५८ रुग्णांवरच्या चाचणीत फोनवरून किंवा वेबसाइटवरून दिलेल्या सीबीटीने, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचाराने, इतर उपायांनी न सुधारलेल्यांनाही आराम मिळाला. घराबाहेर पडणं ज्यांना कठीण आहे त्यांच्यासाठी फोनवरचा उपचार ही सोय फार मोलाची आहे. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये संमोहनाचा उपयोग दाखवून दिला होता. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००८ मध्येच सांगितलं आहे की वर्षभर औषधांनी फरक पडला नाही तर मानसोपचाराचा विचार करावा. हे सगळं आहे, पण वजनाच्या केंद्रात ते सुचवलं जात नाही, कारण तिथे पोट विचारलेलंच नसतं.

सर्जन मंडळींना एक विनंती. शस्त्रक्रियेने अनेकांचं आयुष्य सुधारतं, मी तिच्या विरोधात नाही. पण त्यानंतर पोटदुखी, डंपिंग (अन्न आतड्यात फार लवकर उतरल्याने होणारा त्रास), बदललेलं शौच हे येऊ शकतं, आणि ज्याला आधीच आयबीएस आहे त्याला यातलं काय नवीन आणि काय जुनं हे कळलं पाहिजे. त्यासाठी आधीची नोंद हवी. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना आधीच्या तुलनेत सुमारे दीडपट झालेल्या दिसल्या. हे वाचून मी घाबरले, पण ते कुणीतरी मला समोर बसवून सांगायला हवं होतं. मनाची विचारपूस ऑपरेशनआधीच्या सहीवर संपू नये, त्यानंतरची निदान तीन वर्षं ती चालू राहावी.

मी मागते आहे ते मोठं नाही. अर्जात तीन-चार प्रश्न घाला: पोट किती वेळा दुखतं, शौच कसं होतं, घाई लागते का किंवा कपडे खराब होतात का, शौचालयाच्या भीतीने खाणं किंवा बाहेर जाणं टाळता का. मनासाठी पीएचक्यू-९ (नैराश्यासाठी) आणि जीएडी-७ (चिंतेसाठी) या छोट्या प्रश्नावल्या आहेतच. पण प्रश्नावली भरून घेतली तर ती वाचा, आणि मरणाच्या विचारांच्या प्रश्नावर कुणी खूण केली असेल तर त्याच दिवशी त्या माणसाशी बोला. पोटाचे, वजनाचे आणि मनाचे डॉक्टर यांच्यात एकाने तरी सूत्र हातात ठेवा, म्हणजे एकाने दिलेल्या गोळीचा हिशेब दुसऱ्याला रुग्णाकडून मागावा लागणार नाही.

आणि तुमच्या प्रतीक्षालयाजवळचं शौचालय एकदा स्वतः जाऊन बघा. रुंद दार, जमिनीवर पक्कं बसवलेलं आसन, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या, वळायला आणि स्वच्छ व्हायला जागा, हाताला सहज पोहोचणारं पाणी. ज्या केंद्रात फक्त आमच्यासारखेच लोक येतात तिथेही हे नसतं, त्यामुळे भेटीच्या दिवशीही मी उपाशी येते. हे काम तुमच्याकडे कधी सुरू होणार आहे, ते बाहेरच्या फलकावर लावलंत तर बरं होईल.

आपली,
एक रुग्ण